सुपातला कारखाना

सिगार श्रीमंताची आणि बीडी गरिबाची, एवढाच फरक आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतो. वस्तूकडे पाहिले तर आणखी एक फरक दिसतो. सिगारमध्ये तंबाखूच्याच पानात तंबाखू गुंडाळलेला असतो. बीडीत तंबाखू शेतातला आणि पान रानातले. त्या रानातल्या पानामुळे हा धंदा आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आला आणि आपल्या घराघरांत शिरला. 1966 साली संसदेने कायदा केला तेव्हा दोन्ही वस्तू वळणाऱ्या हातांना एकाच नावात बसवले : बीडी व सिगार कामगार कायदा. आमच्या गावात सिगार कुणी पाहिलीही नव्हती. पण त्या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या बायका आमच्या एका मोहल्ल्यात पन्नासेक होत्या. त्यांतली एक माझी आई.

घरी वळून ओढायची रीत आपल्याकडे कारखान्यांच्याही आधीची आहे. गडचिरोलीच्या रानात फिरताना अजूनही एखादा म्हातारा वाटेत थांबतो, हाताशी येईल ते हिरवे पान तोडतो, त्याची सुरळी करतो, कमरेच्या पिशवीतला चुरलेला तंबाखू तिच्यात भरतो आणि पेटवतो. छत्तीसगडकडून कामाला येणारे मजूर तिला चोंगी म्हणतात. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडात मी चुट्टा पाहिलेला आहे. तो तंबाखूच्याच पानाचा असतो, म्हणजे एका अर्थी आपल्या भागातली ती घरगुती सिगारच. यांतले काहीही विकायला नसते. ज्याने वळली त्यानेच ओढली, आणि गोष्ट संपली.

विकायची बीडी ही निराळी गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातेतून जबलपूरकडे आलेल्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की इथल्या जंगलातले तेंदूचे पान गुंडाळायला फार सोयीचे आहे. ते लवचिक असते, वाळल्यावर चिरत नाही, आणि फुकटात उगवते. आपण ज्याला टेंभुर्णी म्हणतो, ज्याची पिवळी गोड टेंभरे लहानपणी आपण उन्हाळ्यात खाल्ली, तेच हे झाड. तंबाखू गुजरातेतून आणि निपाणीकडून यायचा, पान इथले, आणि हात इथले. हात स्वस्त होते, हे वेगळे सांगायला नको.

पानाचा हंगाम उन्हाचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटतात म्हणजे नवी कोवळी पालवी फुटते. एप्रिलच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत तोडणी. माणसे पहाटे चारला घर सोडतात, नऊ-दहापर्यंत पाने तोडून परत येतात आणि मग सारे घर ओसरीवर बसून पुडके बांधते. आपल्या राज्यात एका पुडक्यात 70 पाने, आणि अशा 1000 पुडक्यांचा एक स्टँडर्ड बोरा. म्हणजे एका बोऱ्यात सत्तर हजार पाने, आणि त्यातले प्रत्येक पान कुणीतरी वाकून तोडलेले असते. संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे, तिथे ते उन्हात पसरून वाळवतात आणि बोदांत भरतात. माझे वडील दोन-तीन हंगाम फळीवर पाने उलटवायला होते. मे महिन्यात उघड्या मैदानावर दिवसभर वाकून पुडके उलटवायची, याला काय म्हणतात ते ज्याने केले त्यालाच समजते.

1969 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने या पानाचा व्यापार सरकारच्या हाती गेला आणि युनिटवार लिलाव होऊ लागले. पानाच्या मजुरीवरून या रानात किती रामायण घडले! 1980 च्या दशकात नक्षलवाद्यांनी गडचिरोलीत पाय रोवले ते याच मजुरीच्या प्रश्नावर. पुढे 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा आला, आणि 2013 च्या सुमारास गडचिरोली व गोंदियातल्या काही ग्रामसभांनी पहिल्यांदा आपले पान आपण विकले. धानोरा, कुरखेडा, कोरचीकडच्या ज्या गावांत माझे येणे-जाणे असते तिथे ग्रामसभेच्या हिशोबाची वही उघडून दाखवणारी पोरे मला भेटली आहेत. मी बी.कॉम. झालेला कारकून, म्हणून मला वही पाहण्याचा मोह होतोच. नोंदी स्वच्छ होत्या. 2017 मध्ये नवी करपद्धती आली तेव्हा या पानावर 18 टक्के कर लागला. 2025 मध्ये तो 5 टक्क्यांवर आणला गेला.

आणि वाघ. 10 मे 2025 रोजी आमच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. बीडी ओढणाऱ्याला दोन मिनिटांचा धूर मिळतो. त्या पानामागे काय काय उभे आहे ते त्याला दिसत नाही.

आता वळण्याकडे येतो. हा माझा खरा विषय, कारण हे मी रोज पाहिले आहे.

आमचे गाव नागभीडच्या बाजूचे. सट्टेदाराच्या ओट्यावर, ज्याला सगळे बीडी कारखाना म्हणत, आठवड्याच्या ठरल्या दिवशी पाने आणि तंबाखू वजन करून मिळे. हजार बीड्यांना साधारण पाव किलो तंबाखू लागतो आणि अर्धा किलोच्या वर पान. पान नेहमीच कमी पडायचे, कारण फाटके, किडलेले, भोके पडलेले पानही त्याच वजनात यायचे. कमी पडले तर पदरचे पैसे घालून आणायचे आणि बीड्या मात्र हजारच द्यायच्या.

रात्री जेवणे झाली की आई पानांची पुडकी पाण्यात बुडवून काढायची आणि ओल्या पोत्यात गुंडाळून चुलीपासून दूर ठेवायची. सकाळी पान कातड्यासारखे मऊ होई. ती म्हणायची, "पान ओलं असन त बीडी आयकते. सुकं पान कोनाचंच आयकत नाही." मग पत्र्याचे माप पानावर ठेवून कात्रीने लांबट चौकोनी तुकडे कापायचे, जाड शीर काढायची, कापलेली पाने ओल्या फडक्यात झाकून ठेवायची. कापण्यातच दोन तास जात. हे काम आम्हा मुलांकडे असे, आणि कात्रीच्या कडीने अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडे. माझा अजून आहे.

नंतर सूप मांडीवर. सुपात एका कडेला तंबाखू, दुसऱ्या कडेला पाने, मध्ये धाग्याची रीळ. डाव्या तळहातावर पान, उजव्या हाताच्या तीन बोटांनी चिमूट तंबाखू पानावर लांब पसरायचा, तोंडाकडे कमी आणि पुढे थोडा जास्त. मग तिरपे धरून एका दमात वळायचे. जाड टोक अंगठ्याच्या नखाने आत दुमडायचे, बारीक टोकाकडे धाग्याचे दोन-तीन वेढे, एक झटका, की धागा तुटला आणि बीडी सुपात पडली. एवढे सगळे व्हायला ताट वाढण्याइतकाही वेळ लागत नसे. पंचवीस बीड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. आईचे सातशे होत. आमच्या मोठ्या मामीचे हजार होत, पण तिच्या घरी पोरगी मोठी होती, स्वयंपाक तिच्याकडे होता. पुढे कारखान्यात भट्टीवर शेकून त्यांवर लेबल लागायचे. ते आमच्या डोळ्यांपुढे कधी होत नसे.

तंबाखूचे मिश्रण हे मालकाचे गुपित. कुठला किती, कडक किती, सौम्य किती, हे सट्टेदारालाही ठाऊक नसे. पण वळणाऱ्या बाईच्या बोटांना कळायचे. पोते बदलले की आई चिमूट नाकाशी न्यायची, मग शिंकायची, मग म्हणायची की यंदा माल हलका आहे. ओलसर तंबाखू असेल तर बीडी मध्येच विझते, फार कोरडा असेल तर चुरा होऊन तोंडात येतो, हे तिनेच मला सांगितले. तिने आयुष्यात एकही बीडी ओढली नाही.

घरची बीडी मात्र तिची स्वतःची होती. मापात वळता वळता उरलेला चुरा ती डब्यात टाकायची. बाजारातून काळा तंबाखू आणायची, तो उन्हात कडक करून हाताने चोळायची, चाळणीने चाळायची, शिरा काढून टाकायची आणि डब्यातल्या चुऱ्यात मिसळायची. पावसाळ्यात थोडा कडक, उन्हाळ्यात हलका. तोलून नाही, बोटांच्या अंदाजाने. ही बीडी वडिलांसाठी. कारखान्याच्या बीडीपेक्षा ती थोडी जाड असे आणि धागा वेगळ्या रंगाचा असे, म्हणजे सट्टेदाराच्या मालात मिसळायला नको. वडिलांचे दोस्त ओसरीवर बसले की तीच मागत. गावात दुकान काढले असते तर चालले असते, असे ते म्हणायचे. आईला हे ऐकून बरे वाटायचे, हे मी पाहिले आहे. दिवसाच्या सातशे बीड्यांबद्दल तिला कुणी कधी बरे म्हटले नव्हते.

कारण सातशेच्या सातशे कधी मोजल्या जात नसत. सट्टेदाराचा माणूस कट्टे सोडून बघायचा आणि वाकड्या, ढिल्या, जाड म्हणून बाजूला काढायचा. याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाटलेल्या बीड्या परतही नाहीत. त्या तो कुठे नेतो हे विचारायची सोय नव्हती. अकरावीत कॉमर्स घेतल्यावर मी घरी पहिला हिशोब मांडला तो याचा. रोज सरासरी 45 बीड्या छाट, महिन्याचे कामाचे दिवस 25, म्हणजे 1125 बीड्या. वर्षाला 13,500. रोजच्या सातशेने भागले तर वर्षाचे एकोणीस दिवस आई फुकट बसून वळत होती. मी तो कागद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मोजलं हे बरं केलंस. आता पान काप."

1966 च्या कायद्यात घरी वळणारी बाईही कामगारच धरली होती. मालकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, पण 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मनमानी छाटीलाही कायद्याने आळा घातला होता. 1976 मध्ये बीडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला, त्यातून दवाखाने, घरे, मुलांना शिष्यवृत्ती. 1977 पासून भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. कागदावर हे सगळे होते. प्रत्यक्षात ज्या बाईजवळ ओळखपत्र आणि नोंदवही ती कामगार, आणि ते देणे सट्टेदाराच्या हाती. आमच्या सट्टेदाराने एकाच्या नावावर तिघींचे काम दाखवले होते, म्हणजे वही एक आणि हात सहा. आईचे नाव वहीत नव्हतेच. म्हणून बीडी कामगाराचा मुलगा या नात्याने मिळणारी शिष्यवृत्ती मला मिळाली नाही. शिक्षण झाले ते मामाच्या मदतीने आणि तेंदूच्या हंगामावर.

या प्रश्नात आपल्या समाजाचा माणूस सर्वांत आधी उतरला होता, हे तरुण पिढीला फारसे माहीत नसते. कामठीचे बाबू हरदास, म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म 6 जानेवारी 1904. 'जय भीम' हे अभिवादन रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, तेवढे आपण दरवर्षी सांगतो. पण त्यांच्या कामाचा मोठा भाग बीडी मजुरांत होता. ठेकेदाराच्या तावडीतून सुटण्यासाठी त्यांनी सहकारी तत्त्वावर बीडीचे काम सुरू करून पाहिले, कामठी, नागपूर, रामटेक, भंडाऱ्याकडे ते पसरवले, बीडी मजुरांचा संघ उभा केला. 1937 च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले. 12 जानेवारी 1939 रोजी क्षयाने गेले. वय 35. ज्या मजुरांत ते वावरत, त्यांच्या छातीचा रोगही हाच.

एक गोष्ट माझ्या आजीने सांगितली होती, ती इथे नोंदवून ठेवतो. तिच्या काळी आपल्या माणसाच्या हातचे पाणी गावात चालत नव्हते. विहिरीवर सावली पडली तरी बोंब. पण आपल्या बायकांनी मांडीवर वळलेली, नखाने दुमडलेली बीडी तेच लोक ओठांत धरून ओढायचे. आजी हसून म्हणायची, "आगीनं सारं बाटनं जरून जाते वाटते!" यावर मी अजून चांगले उत्तर ऐकलेले नाही.

बीडी वळताना हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. दुपारी आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली आठ-दहा बायका आपापली सुपे घेऊन बसत. मला वाचता येऊ लागले तेव्हापासून वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. गावात डाकेने येणारी साप्ताहिके, कुणाकडून आणलेले बाबासाहेबांचे चरित्र, लग्नपत्रिका, कोर्टाची नोटीस, जे असेल ते. पान कापण्यापेक्षा हे काम मला पुष्कळ आवडायचे. कितीतरी वर्षांनी मला कळले की हे जगभर होत आले आहे. क्युबात हवाना शहरात सिगार वळणाऱ्या कामगारांनी 1865 पासून स्वतःच्या मजुरीतून पैसे काढून वाचणारा माणूस ठेवायला सुरुवात केली. तो उंच जागी बसून सकाळी वर्तमानपत्र आणि नंतर कादंबरी वाचायचा. अलेक्झांडर ड्यूमाची 'माँटेक्रिस्टो' त्यांना इतकी आवडली की पुढे एका सिगारीलाच ते नाव पडले. आणि दूर कशाला, केरळात कण्णूरकडे बीडी कामगारांतही एक जण वाचायचा आणि बाकीचे त्याच्या वाटच्या बीड्या वळून द्यायचे. 1966 चा कायदा लागू करायला लागू नये म्हणून तिकडच्या मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा 1969 मध्ये कामगारांनी केरळ दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी केली. मालक नाही, सट्टेदार नाही. पुढे बीडीचा खप घटला तेव्हा त्याच संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे यांत पाय टाकला. हरदासांनी जे कामठीत करू पाहिले ते तिथे तीस-चाळीस वर्षांनी टिकले. आपल्याकडे का टिकले नाही, यावर आपल्या कार्यकर्त्यांनी शांतपणे बसून एकदा बोलायला हवे. आपली शक्ती पुतळे आणि फलक यांत जास्त गेली, असे माझे मत आहे. कुणाला राग आला तरी ते बदलणार नाही.

वडिलांचा खोकला मी नववीत असताना सुरू झाला. आधी सकाळचा, मग रात्रीचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बीडी सोडायला सांगितले. बीडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असतो, म्हणून ती हलकी, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. तेंदूचे पान हवा आत येऊ देत नाही, बीडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात, आणि विष छातीत जास्त खोल जाते.

आईने त्या दिवसापासून घरची बीडी वळणे बंद केले. डबा धुऊन त्यात मीठ भरले. वडील काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी ते दुकानातून कट्टा घेऊन आले. आईने तो उघडला, एक बीडी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाली, "ढिली वरली हाय. धागा बी एकच वेढा." मग उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा सूप मांडीवर घेतले, कारण शनिवारी माल द्यायचा होता. सातशे बीड्या वळायच्या आणि समोरच्या एका माणसाला एक ओढू द्यायची नाही, हे तिला कसे जमावे? वडील 58 व्या वर्षी गेले. शेवटची दोन वर्षे त्यांना आडवे झोपता येत नव्हते, उशांना टेकून बसल्या बसल्याच रात्र काढायचे.

आईच्या छातीतही तंबाखूची धूळ गेलीच. सुपावर वाकून पाठ कायमची वाकली. पण तिला कुणी दमेकरी म्हटले नाही, कारण ती ओढत नव्हती.

एका वर्षावासात आमच्या विहारात महिला मंडळाची बैठक होती. पाचव्या शीलावर बोलणे चालले होते, तेव्हा एका तरुण सुनेने विचारले की बीडी वळणे ही सम्यक आजीविका आहे का? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बुद्धाने उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले त्यांत मादक पदार्थांचा आणि विषाचा व्यापार येतो, हे त्यांनी ऐकलेले होते. मग एक म्हातारी बाई बोलली. ती म्हणाली की व्यापार करणारा निराळा आणि हाताला काम नाही म्हणून वळणारी निराळी. व्यापार मी केला असता तर माझ्या घरावर कौले नसती का? प्रश्न विचारणारी गप्प बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते, हे दिसत होते. माझेही पूर्ण झालेले नाही. मला म्हातारीचे पटते आणि सुनेचा प्रश्नही सोडवत नाही. त्या सुनेने नंतर सूप बाजूला ठेवले आणि शिवणयंत्र घेतले. आज तिच्याकडे शाळेचे गणवेश शिवायला येतात.

बीडीचे काम आता आमच्या भागात फारच कमी उरले आहे. मोहल्ल्यात सूप घेऊन बसणाऱ्या चार-पाच म्हाताऱ्या राहिल्या. पण तंबाखू गेला असे कुणी समजू नये. ज्या ओसरीवर बीडी वळली जायची त्याच ओसरीवर आता नातू खर्रा घोटतो. सुपारी, तंबाखू, चुना, आणि प्लॅस्टिकची पन्नी. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, सुगंधित तंबाखूवरही आहे, तरी पानठेल्यावर पन्नी घोटण्याचा आवाज थांबलेला नाही. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' हे अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध चालले आहे, त्याच्या गावसभांत बायका पुढे असतात. आमच्याकडे तसे काही व्हावे म्हणून आम्ही तीन-चार जण धडपडतो. नोकरदार मुलगा खर्रा खातो तेव्हा त्याला कुणी बोलत नाही, बापाने बीडी ओढली की सगळे बोलतात, ही आपल्या शिकलेल्या घरांतली गंमत आहे.

माझे सध्याचे मुख्य काम म्हणजे या उरलेल्या म्हाताऱ्यांची कागदपत्रे. ज्यांची नावे वहीत होती त्यांना भविष्यनिर्वाह निधीचे पेन्शन मिळू शकते, दहा वर्षांची नोंद असेल तर. 2014 पासून या पेन्शनची किमान रक्कम महिन्याला 1000 रुपये आहे. रक्कम थोडी आहे, पण म्हाताऱ्या बाईच्या हातात स्वतःचे हजार रुपये असले की सुनेच्या बोलण्यात फरक पडतो, हा माझा अनुभव. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि 1966 चा तो कायदा त्यांत गेला. म्हणून जुनी ओळखपत्रे, जुन्या वह्या, फाटक्या असल्या तरी कुणी टाकू नयेत. वहीत सासरचे नाव आणि आधारवर माहेरचे, किंवा एकीकडे जनाबाई आणि दुसरीकडे जनाबाय, अशा चुका फार असतात. त्या आधी दुरुस्त करून घ्याव्यात.

दुसरी अडचण अंगठ्याची. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो आणि यंत्रावर बोट ठेवावे लागते. आमच्या मोठ्या मामीचे बोट यंत्र घेत नाही. दहाही बोटे लावून पाहिली. चाळीस वर्षे पान घासून आणि धागा ओढून बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. मागच्या वर्षी एका कार्यालयात तिला तीन वेळा परत पाठवले. तिसऱ्या वेळी खिडकीतला मुलगा म्हणाला, "आजी, तुमचं बोट येत नाही." मामी म्हणाली, "बाबू, बोट त सारं तुमच्याकडंच गेलं."

यावर उपाय आहे, आणि तो सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. आता मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला देता येतो, बोटाची गरज नाही. आधार क्रमांक, पेन्शनचा क्रमांक आणि चांगला उजेड एवढे हवे. नातवाचा मोबाईल चालतो. मागच्या रविवारी विहाराच्या व्हरांड्यात आम्ही सहा जणींचे दाखले असे भरले. पाच निघाले. सहावीला कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावायला सांगितले की हसू येई, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तिच्यासाठी येत्या रविवारी पुन्हा बसणार आहोत. आसपासच्या गावांत वहीत नाव असलेली कुणी बाई असेल तर तिने आधार आणि जुनी वही घेऊन सकाळी दहापर्यंत यावे. दुपारनंतर व्हरांड्यात ऊन येते आणि चेहरा नीट दिसत नाही.